गुंडूचा अनुकूलांक

कोणत्या जीवाने काय खावे, हा सृष्टीइतकाच जुना प्रश्न सन २०४१च्या मार्च महिन्यात मानवाने कायमचा सोडवला.

निदान सांगलीच्या विश्रामबाग चौकात तशी जाहिरात लागली होती. तिच्यापासून चार मिनिटांच्या अंतरावर, भरतेश मगदूमच्या अंगणात, गुंडू नावाचा नऊ वर्षांचा कुत्रा पायपुसण्यावर पोट घासत होता. जाहिरात लागून पंधरा दिवस झाले होते. पायपुसणं तिसरं होतं.

गुंडू जातीने गावठी, रंगाने भिजवलेल्या चिंचेसारखा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याची काही तक्रार नव्हती. मग पोट लाल झालं, पंजे चाटून चाटून सोलवटले, कानांतून वास यायला लागला आणि पाठीवरचे केस गालिच्याचे जावेत तसे जागोजाग गेले. भरतेश ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. प्रश्न नीट मांडला की उत्तर मिळतंच, हे तो वर्षातून एकदा फळ्यावर लिहून दाखवायचा. त्यामुळे त्याने 'संवेदनशील पोटासाठी' असं छापलेल्या नऊ प्रकारच्या कोरड्या अन्नाच्या पिशव्या ओळीने वापरून पाहिल्या. प्रत्येक पिशवीवर एक हसरा कुत्रा असे आणि तो कधीही गावठी नसे. पिशवी जितकी महाग, तितका कुत्रा जास्त हसे. गुंडू सगळ्या पिशव्या सारख्याच श्रद्धेने खाई आणि सारखाच खाजवे.

म्हणून मग अनुकूलपट्टी आली.

अनुकूलपट्टी म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा चिकट तुकडा. त्याच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक अशा चार हजार सुया असतात आणि प्रत्येक सुईच्या टोकाला एक वेगळं प्रथिन लावलेलं असतं: कोंबडीचं, गव्हाचं, वाटाण्याचं, मासळीचं. शरीरातल्या राखणदार पेशी त्या टोकांपाशी येतात. प्रथिन ओळखीचं वाटलं तर सोडून देतात, शत्रूचं वाटलं तर चवताळतात. ॲलर्जी म्हणजे याहून निराळं काही नाही. दारातल्या राखणदाराने दूधवाल्याला दरोडेखोर समजायचं, आणि त्या मारामारीत घराच्याच काचा फुटायच्या. पट्टी हा गोंधळ सुईसुईला मोजते आणि प्रत्येक अन्नाला शंभरपैकी गुण देते. त्याला अनुकूलांक म्हणतात.

इथपर्यंत विज्ञान होतं. पुढे कायदा आला. कुठल्याशा बड्या घरचा कुत्रा चुकीचं अन्न खाऊन दगावला, खटला झाला आणि नियम निघाला की नोंदणी झालेल्या कुत्र्याला पन्नासहून कमी अनुकूलांकाचं कोरडं अन्न विकणं हा गुन्हा आहे. पट्टी एकदा लावली की कुत्र्याची नोंदणी आपोआप होत होती, आणि गुंडूला ती लावून झाली होती.

हे भरतेशला कोपऱ्यावरच्या कोगनोळेंच्या दुकानात कळलं. गुंडूने सात वर्षं जे खाल्लं होतं ते 'राखण' नावाचं तांदूळ आणि दूधभुकटीचं अन्न, बाजारातलं सर्वांत स्वस्त. पिशवीवर कुत्रा नव्हताच, नुसतं कुलूप होतं. भरतेशला वाटलं, नऊ झाल्या, आता परत पहिलं घेऊन बघू. कोगनोळेंनी गुंडूचा क्रमांक दाबला. यंत्र लाल झालं.

"सर, घेत नाही ओ. एकतीस दाखवतंय."

"अहो, सात वर्षं हेच खात होता तो."

"म्हणून तर खाजवत असंल."

"तेव्हा खाजवत नव्हता, कोगनोळे! शेजारच्या हुक्केरींच्या कुत्रीच्या नावावर द्या ना एक."

कोगनोळेंनी चष्मा काढला. "सर, तुम्ही शिक्षक माणूस. तुमच्या वर्गात कुणी दुसऱ्याच्या नंबरावर पेपर लिवला तर चालंल का?"

भरतेश रिकाम्या हाताने परत आला. गुंडूने पिशवी हुंगायला नाक वर केलं आणि पिशवी नाही म्हणून भरतेशचा बूट हुंगला.

*

डॉक्टर तांबोळींच्या दवाखान्यात भिंतीवर गुंडूचे गुण उमटले, तेव्हा दहावीच्या निकालाच्या दिवशी असावं तसं वातावरण झालं.

"गहू चार," डॉक्टर वाचू लागल्या. "सोयाबीन नऊ. कोंबडी अकरा."

"आमच्याकडे कोंबडी तशीही चालायची नाही," भरतेश म्हणाला. "पण ती कारखान्यातली, पेशींपासून वाढवलेली निघालीय ना? तिच्यात जीव जात नाही. आई कदाचित..."

"तीही अकराच. जीव नसला तरी प्रथिन तेच की हो." डॉक्टरांनी बोटाने यादी वर सरकवली. "वाटाणा पंधरा, मासळी बावीस. एक परदेशी अन्न आहे, प्रथिनांचे तुकडे केलेलं, ते एक्क्याण्णव."

त्याची किंमत त्यांनी सांगितली. मगदूमांच्या घरात तीन माणसं महिनाभर त्याहून कमी पैशात जेवत होती.

"आणखी काही?"

डॉक्टर यादीच्या टोकाला थांबल्या. "हे बघा. सत्त्याण्णव! आणि स्वस्तसुद्धा आहे. कीटकांचं. काळ्या माशीच्या अळ्या वाळवून दळलेल्या असतात." मग त्यांच्याच कपाळाला आठी पडली. "पण सत्त्याण्णव म्हणजे फार झालं. पिल्लू असल्यापासून जे रोज थोडंथोडं पोटात जातं, त्यालाच शरीर इतकं सांभाळून घेतं. तुमच्याकडे हा कीटक खात होता का?"

"डॉक्टर, आम्ही जैन आहोत. आमच्याकडे पाणीसुद्धा गाळून पितात."

"ते खरंच. यंत्राला अधूनमधून होतं असं." त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "दोन वर्षांपूर्वी घरात काही बदल झाला?"

"वडील गेले."

डॉक्टरांचा हात थबकला. "कुत्री फार मनाला लावून घेतात हो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि कारणाच्या रकान्यात त्यांनी 'शोक' असं लिहिलं. त्या आठवड्यापासून पट्टीबरोबर आलेलं 'पथ्यमित्र' ॲप दर सोमवारी गुंडूच्या नावे सांत्वनाचा संदेश पाठवू लागलं.

निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. गहू पूर्ण बंद, पोळीचा तुकडासुद्धा नको. आणि खाजेची गोळी आता फार दिवस देता येणार नाही, यकृताला सूज आली आहे. "पोट आणि कातडी शांत झाली नाही, तर मला वाटतं..." त्या गुंडूकडे बघून थांबल्या. गुंडू वजनकाट्यावर बसला होता. काटा मागच्या वेळेपेक्षा चार किलो कमी दाखवत होता.

"किती दिवस?" भरतेशने विचारलं.

"तीन महिने म्हणू या."

*

घरी आल्यावर भरतेशच्या हातून चूक झाली. तो खरं बोलला.

राजमतीबाई, म्हणजे त्याच्या आई, सूर्यास्ताच्या आधीची जेवणं उरकून माजघरात बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. पहाटे मंदिर, तिथून येऊन कुंपणापाशी मुंग्यांना पीठ-साखर, मग भाकरी, तूप आणि गुळाचा खडा, या क्रमात त्यांनी आयुष्यात बदल केलेला नव्हता. पती गेले त्या दिवशीसुद्धा मुंग्या उपाशी राहिल्या नव्हत्या. गुंडू हा त्यांचा धाकटा मुलगा होता. मोठ्याला हे मान्य होतं.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" त्यांनी विचारलं.

भरतेशने सांगितलं. अळ्यांवर आल्यावर त्याने 'विशिष्ट प्रथिन' म्हणून बघितलं, पण त्याची बायको त्रिशला पोस्टात होती आणि पाकिटात काय आहे ते वरूनच ओळखायची तिला सवय होती.

"अळ्या म्हण की सरळ," ती म्हणाली.

राजमतीबाईंचा हात जपमाळेवर थांबला. "एका पोत्यात किती असतात?"

दुसऱ्या कुणाही मुलाने 'काय माहीत' म्हटलं असतं. भरतेशच्या डोक्यात मात्र पोत्याचं वजन, अळ्यांचं प्रमाण आणि एका वाळक्या अळीचं वजन एकापाठोपाठ एक येऊन उभं राहिलं. "बत्तीस हजारांच्या आसपास," तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, "थोडं इकडेतिकडे."

गुंडूच्या खाजवण्याचा आवाज येत होता.

"एका जिवासाठी बत्तीस हजार," राजमतीबाई म्हणाल्या.

"मग बोकडाचं मटण घालू या," त्रिशला म्हणाली. "एकच जीव. दोन महिने पुरेल."

"त्रिशला, गप्प बस गं. पाच इंद्रियांचा जीव आहे तो."

"मी हिशेब सांगितला, आई. तुमचा मुलगा सांगतोय तसा."

"हे पोतं या घरात आलं," राजमतीबाई उठत म्हणाल्या, "तर मी इथं पाणीसुद्धा पिणार नाही. शेडबाळला बहिणीकडं जाईन." त्या गुंडूपाशी जाऊन बसल्या. त्याच्या सोलवटलेल्या पोटावर त्यांनी खोबरेल लावलं. लावताना त्या रडत होत्या. गुंडू तेल चाटत होता.

भरतेश दोघांकडे बघत उभा राहिला. आईचं बरोबर होतं. डॉक्टरांचंही बरोबर होतं. यंत्राची तर चूक होणंच शक्य नव्हतं. सगळेच बरोबर असले की उत्तर काय येतं, हे त्याच्या विषयात शिकवत नाहीत.

पुढचे पाच आठवडे त्याने उकडलेला तांदूळ आणि भोपळा घातला. घरात कुणी गुंडूसमोर पोळीचा कण सांडला नाही. त्रिशलाने सासूलाही गव्हाची पोळी नको म्हणून बजावलं होतं, आणि पोळ्या लाटताना ती स्वयंपाकघराचं दार लावून घेई. तरी गुंडूचं वजन आणखी घटलं आणि एका कानाने त्याला ऐकू येईनासं झालं. आता तो जिन्याची पायरी चढायच्या आधी थांबून विचार करी.

सहाव्या आठवड्यातल्या रविवारी राजमतीबाई मंदिरातून आल्या त्या थेट भरतेशच्या टेबलापाशी.

"आण ते पोतं."

"आई?"

"घरात नको. स्कूटरच्या शेडमध्ये ठेव. मला दिसू देऊ नकोस, वास येऊ देऊ नकोस. आणि मी गूळ सोडला."

"किती दिवस?"

"जन्मभर. देवासमोर सांगून आले." त्यांनी त्याच्याकडे न बघता पदराने तोंड पुसलं. "पाप तुझ्या माथी नको. तुला बीपी आहे."

गूळ सोडणं म्हणजे काय, ते भरतेशला माहीत होतं. मार्केट यार्डातला नवा गूळ आला की ढेपेचा वास घेऊन तो कुठल्या गावचा ते सांगणारी बाई होती ती. त्या दिवसापासून त्यांच्या ताटात भाकरीशेजारी एक जागा रिकामी राहू लागली. तिथे त्यांनी दुसरं काही वाढू दिलं नाही.

आणि बत्तीस हजार जिवांची थोडीफार भरपाई व्हावी म्हणून त्यांनी मुंग्यांचं पीठ दुप्पट केलं.

*

पोतं आलं. कोगनोळेंचं यंत्र हिरवं झालं, तेव्हा कोगनोळेंनी स्वतः टाळी वाजवली. गुंडूने अळ्यांचं अन्न हुंगलं, एकदा भरतेशकडे पाहिलं आणि खाल्लं. आवडीने नाही, ओळखीच्या पाहुण्याकडे जेवावं तसं.

दोन आठवड्यांनी त्याचं पोट पहिल्यापेक्षा लाल झालं.

भरतेशने 'पथ्यमित्र'ला विचारलं. ॲपने सर्व माहिती तपासून कळवलं: 'आहार योग्य आहे. प्राण्यात विसंगती आढळते.' त्याने पुन्हा विचारलं. ॲपने गुंडूला बुधवार असूनही सांत्वनाचा संदेश पाठवला.

तिसऱ्या आठवड्यात गुंडूच्या पंजातून रक्त आलं. राजमतीबाईंनी पीठ तिप्पट केलं.

डॉक्टर तांबोळी फोनवर म्हणाल्या, "मला काही सुचत नाही, मगदूम सर. सत्त्याण्णव टक्क्यांचं अन्न आहे. याच्यापेक्षा बरं माझ्याकडे काही नाही." आणि मग, "रविवारी घेऊन या. आईंना आणू नका."

रविवार तीन दिवसांवर होता. शुक्रवारी कॉलेजला सुट्टी होती. भरतेश सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसला. गुंडू दिसेल तेवढा बघून घ्यावा, इतकाच विचार होता. एरवी या वेळेला तो मुलांना सरासरी शिकवत असे, आणि सुट्टी असली तर आत टेबलापाशी पेपर तपासत असे.

राजमतीबाई मंदिरातून आल्या. हातातली वाटी घेऊन कुंपणापाशी तगरीच्या बुंध्याजवळ वाकल्या आणि त्यांनी णमोकार म्हणत पीठ-साखरेचा जाड पट्टा ओतला. मुंग्या भिंतीच्या फटीतून आल्या, आधी पाच-सहा, मग रांग, मग काळा थर. राजमतीबाईंनी हात जोडले आणि त्या आत गेल्या.

गुंडू इतका वेळ तुळशीआड बसला होता. दार लागल्याचा आवाज आला तसा तो उठला. लंगडत, पण वेळ ठरलेल्या माणसासारखा, तगरीपाशी गेला. त्याने मान खाली घातली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता, तो पट्टा चाटून साफ केला. पीठ, साखर आणि वरचा काळा थर. शेवटी भिंतीची फटही चाटली. मग तो परत तुळशीआड येऊन बसला आणि पोट खाजवू लागला.

भरतेश खुर्चीत तसाच होता. नऊ वर्षं. दिवसाला किती मुंग्या धरायच्या, हे त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झालं. त्याने ते थांबवलं. संख्याशास्त्राचा शिक्षक झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने गुणाकार अर्धा सोडला.

सत्त्याण्णव कुठून आले, ते कळलं होतं. उरला गहू. तो आत गेला. राजमतीबाई भाकरीला बसल्या होत्या, ताटातली रिकामी जागा तशीच होती.

"आई, मुंग्यांना पीठ कशाचं घालतेस?"

"गव्हाचं."

"पहिल्यापासून?"

"नाही रे. पहिली ज्वारीच असायची. तुझे बाबा गेल्यावर गहू सुरू केला. म्हटलं, गेलेल्या माणसाच्या नावानं जरा चांगलं द्यावं." त्यांनी मान वर केली. "का?"

दोन वर्षं. डॉक्टरांच्या रकान्यातला 'शोक' तसा बरोबरच होता, फक्त तो दळलेला होता.

"गुंडू ते पीठ खातो," भरतेश म्हणाला.

"खातो की. पहिल्यापासून खातो. मुक्या जिवाला हाकलायचं कसं?" मग त्यांचा घास हातात राहिला. "गहू... गहू त्याला चालत नाही म्हणाली होतीस गं तू," त्या त्रिशलाकडे वळल्या. "पोळी म्हणाली होतीस. पीठ नव्हतीस म्हणाली."

त्रिशलाने तवा खाली ठेवला.

भरतेशला पुढचं विचारायचं नव्हतं. ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "आणि आई, पिठातल्या मुंग्या..."

राजमतीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"मुंग्या बाजूला होतात," त्या म्हणाल्या.

भरतेशच्या खिशात मोबाइल होता, त्यात गुंडूचा निकाल होता, आणि शेवटच्या ओळीत सत्त्याण्णव लिहिलेलं होतं. त्याने खिशावर हात ठेवला.

"होय," तो म्हणाला. "होत असतील."

*

रविवारी भरतेश गुंडूला घेऊन दवाखान्यात गेला, पण सगळं ऐकून डॉक्टरांनी तयार ठेवलेलं इंजेक्शन परत कपाटात ठेवलं. "पीठ?" त्या दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं: रोज गहू पोटात जात राहिला की आतड्याचं अस्तर सुजतं आणि विरळ होतं. अर्धवट पचलेलं काहीही त्यातून रक्तात झिरपतं आणि राखणदार पेशी दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. अशा वेळी पट्टी लावली, तर शंभरातल्या नव्व्याण्णव गोष्टी शत्रू दिसायच्याच. जे पिल्लूपणापासून मुरलेलं असतं तेवढंच वाचतं.

"म्हणजे यंत्र चुकलं?"

"यंत्राने विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. मुंग्यांना काय घालता, हा प्रश्न फॉर्मवर नाही." त्यांनी 'शोक' खोडायला पेन उचललं, पण नोंदणी झालेलं कारण बदलता येत नव्हतं.

मुंग्यांना पुन्हा ज्वारीचं पीठ सुरू झालं. सात आठवड्यांत गुंडूच्या पाठीवर केस आले. कान मात्र गेला तो गेला. अळ्यांचं उरलेलं पोतं कोगनोळेंनी परत घेतलं नाही, ते शेडमध्ये तसंच आहे. नव्या पट्टीवर 'राखण'ला अठ्ठ्याऐंशी पडले आणि यंत्र हिरवं झालं.

भरतेश एकदा आईला म्हणाला, "आई, पोत्याची तर गरजच नव्हती. गूळ खा आता."

"देवाला काय सांगू?" त्या म्हणाल्या. "कुत्र्याने पीठ खाल्लं म्हणून परत द्या?"

त्रिशलाने या वेळी काही हिशेब सांगितला नाही.

गुंडू हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानातलं सर्वांत स्वस्त अन्न खातो. त्यात अळ्या नसतात. मुंग्या तो सकाळी बाहेरच खातो.